बारशाचं बहुमत

माझ्या भाचीला चार नावं आहेत आणि त्यांतल्या तीन नावांना मी एकटी जबाबदार आहे.

मी सोलापुरात एका खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते. शिकवते म्हणजे ‘फाइल सेव्ह करा’ हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा म्हणते. त्या म्हणण्याला कंटाळून मी ऑनलाइन एक फुकटचा कोर्स लावला. विषय डेटाबेसचा, आणि तोही एका मशीनवरचा नव्हे, अनेक मशीनवर पसरलेला! एकच माहिती तीन ठिकाणी ठेवायची, म्हणजे एक मशीन बंद पडलं तरी उरलेली दोन काम चालू ठेवतात. आईला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, “त्यापेक्षा एकच चांगलं घ्यायचं की!”

सराव म्हणून मी एका ओपन सोर्स प्रकल्पातही शिरले. तिथं जगभरचे लोक मिळून एक डेटाबेस बनवतात आणि कुणीही त्यातली चूक दुरुस्त करून पाठवू शकतं. मी त्यांच्या माहितीच्या पानावरचं एक चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त करून पाठवलं. ते स्वीकारलं गेलं! मी गल्लीत पेढे वाटले. (‘कशाचे?’ असं विचारणाऱ्यांना ‘परदेशात माझं काम पसंत पडलं’ एवढंच सांगितलं. त्या आठवड्यात मला दोन स्थळं सांगून आली.)

अशात दादाला मुलगी झाली. मी आत्या झाले आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझ्याकडे आला. पण वहिनीला वेगळीच काळजी होती. दादाच्या लग्नात मानाचा नारळ आधी कुणाला दिला, यावरून आमचे कुर्डुवाडीचे काका आणि मैंदर्गीच्या अव्वा, म्हणजे वहिनीच्या आई, वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. आता दोघांनाही बाळाचं नाव आपल्याच पसंतीचं हवं होतं.

“वन्सं,” वहिनी माझा हात धरून म्हणाली, “नाव काय बी ठेवा, पण बारशात भांडण नको. एवढं बघा की.”

“तू निर्धास्त राहा,” मी म्हणाले. “माणसांवर सोडायचंच नाही. मशीनवर सोडू.”

योजना साधी होती. कुर्डुवाडीला काकांचा पत्ते खेळायचा कॉम्प्युटर, मैंदर्गीला वहिनीच्या भावाचा लॅपटॉप आणि सोलापुरात माझा, अशी तीन मशीन मी आमच्या घरच्या नेटवरून जोडली. प्रत्येक घरानं नावं सुचवायची आणि एकाला होकार द्यायचा. ज्या नावाला दोन घरांचा होकार मिळेल ते अंतिम, मग त्यात बदल नाही. फोनवर नावाविषयी चकार शब्द काढायचा नाही, म्हणजे भांडणाला जागाच नको!

दोन दिवस सगळं झकास चाललं. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. काका रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यामुळे फोनवरही प्लॅटफॉर्मच्या या टोकावरून त्या टोकाला बोलल्यासारखे बोलतात.

“सुमे! तुजं यंत्र मला ‘थांबा, इतरांची वाट पाहा’ म्हनतंय!”

“काका, तुमचं नेट गेलंय. एकट्या मशीननं निर्णय घ्यायचा नाही, असा नियम आहे. दुसऱ्या एका घराशी तरी—”

“अगं, ह्या खानदानात सगळ्यात मोटा मी हाय! मी कुनाची वाट बगायची?”

“तसं नाही हो काका. ते बहुमत—”

“असू दे, असू दे. आता यंत्रं बी आमाला गप बस म्हनायला लागली. येत न्हाय तुमच्या बारशाला!”

काका आले नाहीत तर वहिनीला दिलेला शब्द पहिल्याच फेरीत बुडणार. कोर्सच्या सरांनी बजावून सांगितलं होतं की, बहुमताचा आकडा निम्म्याच्या खाली कधीही आणू नका. पण त्या सरांना काका नव्हते! वडीलधाऱ्या माणसाला मशीनकडून ‘थांबा’ म्हणवून घेणं मला जमेना. मी गुपचूप ‘दोन’च्या जागी ‘एक’ केलं. फक्त काकांसाठी केलं तर अव्वा रुसतील म्हणून तिन्ही घरांना केलं. एका आकड्यानं असं काय आभाळ कोसळणार होतं?

बारशाच्या चार दिवस आधी आईनं पाहुण्यांना बांधून द्यायची शेंगाचटणी करायला घेतली. मिक्सरला जागा हवी म्हणून तिनं भिंतीतला एक प्लग उपसला. तो नेटच्या डबीचा होता, आणि तिन्ही मशीनचं बोलणं त्याच डबीतून जायचं. झालं! तिन्ही मशीनची एकमेकांशी ताटातूट झाली. प्रत्येकाला वाटलं आपण एकटेच उरलो आणि आता बहुमत म्हणजे आपणच.

मी क्लासमधून घरी आले तेव्हा माझ्या लॅपटॉपवर लिहिलं होतं, ‘स्वरा. अंतिम.’

“आई, ठरलं?”

“मी नुसतं बटण दाबलं, लगेच ठरलं. चांगलंय तुझं मशीन!”

आईनं निवडलेल्या नावाला आणखी एका घरानं होकार दिला असणार, असं मी धरून चालले. (आकडा मीच बदललाय, हे मी तोवर साफ विसरले होते.) तरी खात्री करावी म्हणून दोन्हीकडे फोन केले.

“काका, नाव ठरलं ना?”

“ठरलं की! लई झ्याक ठरलं!”

“अव्वा, नाव पसंत आहे ना?”

“हौदु, हौदु! भाळ छलो!” अव्वा खूश झाल्या की मराठी विसरून कन्नडवर येतात.

“मग आता कुठं बोलू नका हां!” मी दोघांनाही वर बजावलं आणि पेढ्यांच्या दीडशे खोक्यांवर ‘स्वरा’ छापायला टाकलं. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

बारशाच्या सकाळी काका टेम्पोतून उतरले. मागं आठ फुटांचा फ्लेक्स होता. ‘चि. इंद्रायणी हिच्या नामकरण सोहळ्यास सर्वांचे हार्दिक स्वागत!’ बाळाचा फोटो बोराएवढा आणि काकांचा टरबुजाएवढा.

“काका, हे... इंद्रायणी?”

“तुज्याच यंत्रात ठरलं न्हवं का?”

तेवढ्यात अव्वा आल्या. त्यांनी पदराखालून चांदीची वाटी काढली, प्रेमानं पुसली आणि माझ्या हातात दिली. वाटीवर कोरलं होतं, ‘नीलांबिका’. फ्लेक्स एक वेळ फाडता येतो, पेढ्याच्या खोक्यावर चिठ्ठी चिकटवता येते, पण चांदीवरचं काय पुसायचं! वाटी पालथी घालून काही मिनिटं तरी काढता येतील म्हणून मी ती तशी ठेवली, तर आई पेढ्यांची खोकी घेऊन बाहेर आली.

“स्वरा?” काका ओरडले. “कोन स्वरा?”

“नीलांबिका!” अव्वा वाटी सुलटी करून म्हणाल्या. “बेड, दुसरं काय बी नको!”

तेव्हा मला बदललेला आकडा आठवला आणि आईला उपसलेला प्लग, आणि मी मग सगळं सांगितलं. आकडा, प्लग, मिक्सर, सगळं. पाळण्याशी बसलेल्या वहिनीचे डोळे भरून आले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं एकच गोष्ट मागितली होती!

“आकडा बदलला कुनी?” काकांनी विचारलं.

“मीच. पण काका, तुम्ही रागावलात म्हणून...”

“मी रागावलो म्हनून तू ऐकायचं व्हय? मी तर रोजच रागावतो!”

“खरंय,” अव्वा म्हणाल्या. “शिकल्याली पोरगी. तिला कळाय नको?”

“तेच की! तुमी बरोबर बोललात.”

“लहानपणापासून अशीच आहे ती,” आईनं भर घातली.

लग्नातल्या नारळानंतर काका आणि अव्वा पहिल्यांदाच एका बाजूला उभे होते. तिन्ही घरांचं एकमत झालं होतं, तेही नेट नसताना, आणि ते माझ्या बाबतीत झालं होतं. तडजोड निघाली की, आत्यानं तिन्ही नावं कानात सांगायची. आता बारशात आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते तेव्हा मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ही आपली पद्धत. साधारण लाडानं घालतात. मी वाकले, ‘इंद्रायणी’ म्हणाले आणि पाठीत धपाटे बसले. ‘स्वरा’ला पुन्हा बसले. ‘नीलांबिका’च्या वेळी खुद्द अव्वा पुढं सरसावल्या. जन्मभर ज्वारीच्या भाकरी थापलेला तो हात! माझ्या डोळ्यांपुढं तिन्ही मशीन एकदम बंद झाली.

मी कळवळत सरळ होतेय तोच वहिनी हळूच म्हणाली, “पण मी तर हिला पहिल्या दिवसापासून मुक्ता म्हणते.”

“आणि जन्मदाखल्यावर तेच टाकलंय,” दादा जमिनीकडं बघत म्हणाला. “मागच्याच आठवड्यात.”

“अगं, मग बोलली का नाहीस?” मी ओरडलेच.

“मला विचारलं कुणी? तीन घरी तीन मशीनं ठेवलीत वन्सं. माझ्यापुढं कुठं ठेवलंत?”

बाळाच्या आईलाच सोडून मी अख्खा जिल्हा जोडला होता! काका म्हणाले, “मुक्ता. चांगलं हाय की.” अव्वांनीही मान हलवली. वहिनी हसली. आणि काका माझ्याकडं वळून म्हणाले, “वाक, सुमे.”

पुढच्या आठवड्यात मी त्या ओपन सोर्स प्रकल्पाला पाच ओळींची भर पाठवली. बहुमतासाठी कुणी ‘एक’ हा आकडा टाकला, तर मशीननं आधी धोक्याची सूचना द्यावी. तिकडून प्रश्न आला, ‘असा आकडा कुणी शहाणा माणूस कशाला टाकेल?’ मी काका, नारळ आणि मिक्सर यांसकट सविस्तर उत्तर लिहिलं. भर लगेच स्वीकारली गेली. या वेळी मी पेढे वाटले नाहीत, कारण ‘स्वरा’ची खोकी अजून संपायची होती.

कोर्स मात्र मी पूर्ण केला. महत्त्वाच्या गोष्टीच्या एकापेक्षा जास्त प्रती ठेवाव्यात, हा त्यातला पहिलाच धडा. त्या बारशाच्या चार प्रती माझ्या पाठीवर आहेत, आणि एकही अजून गहाळ झालेली नाही.