उरलेल्या कण्या

समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोला साधाच प्रश्न विचारला, "सुबह नाश्ते में क्या लेती हैं आप?"

बायको म्हणाली, "जो बच जाए."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच हिला उपाशी ठेवतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हिचं रक्त फार कमी झालं होतं. एक जिना चढली की भिंत धरून उभी राहायची. बाईंनी गोळ्या लिहिल्या अन् बजावलं, की सकाळी नुसत्या चहावर राहायचं नाही, पोटभर पौष्टिक नाश्ता करायचा. दोन महिन्यांत रक्त वाढलं नाही तर भरती करून चढवावं लागेल. घाबरलो मी. येताना ऑटोत तिचा हात धरून बसलो, अन् मी हात धरला म्हणून ती घाबरली.

ती खोटं बोलली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या रेल्वे क्वार्टरात सात माणसं होती. सगळ्यांचं झाल्यावर कढईच्या तळाचे पोहे, नाही तर कालची पोळी, अन् कपभर चहा, हा तिचा नाश्ता. आता घरात आम्ही दोघंच. पोरगी भिलाईला असते. तरी हिचं तेच सुरू. आता कोणाचं खाणं व्हायचं राहिलं आहे?

मग कारभार मी हाती घेतला. दुसऱ्या दिवशी मोठ्या दुकानात गेलो. नाश्त्याच्या डब्यांची ही लांबलचक रांग! एकावर 'लोह', एकावर 'ताकद', एकावर पळणाऱ्या माणसाचं चित्र. पोरीला फोन लावला. ती मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. म्हणाली, "पापा, पीछे का पढ़ो. सामने तो कुछ भी लिख देते हैं." हे मला एकदम पटलं. मी नोकरीची सगळी वर्षं मालधक्क्यावर काढलेली. वॅगनवर काय लिहिलं अन् आत काय भरलं, हे तपासता तपासता केस पिकले. तिथंच उभा राहून एकेक डबा उलटा करून वाचला. अर्ध्यांत धान्याच्या मागोमाग साखर. 'मधयुक्त' म्हणणाऱ्यात मध अगदी शेवटी, नावापुरता. दुकानातली पोरगी दोनदा येऊन विचारून गेली, "अंकल, कुछ मदद करूँ?" म्हटलं, तू जा, मी माल तपासून राहिलो. शेवटी एक डबा पास केला. सबंध धान्यांचे चपटे दाणे, बदाम, भोपळ्याच्या बिया, वरून साखर काहीच नाही. महाग होता. असू दे म्हटलं.

घरी आल्यावर बायकोनं डबा हातात घेतला, किंमत पाहिली अन् पाहुण्यांच्या कपबशा ठेवतो त्या कपाटात ठेवून दिला.

"अगं, तो तुझ्यासाठी आहे!"

"हव हव, खाईन ना."

रोज विचारायचो, "खाल्लं का?" ती म्हणायची, "हव." डबाही भराभर उतरत होता. मी खूश. दुसरा आणला. एका संध्याकाळी चहासोबत बशीतला चिवडा तोंडात टाकत होतो. आठवडाभर तोच चिवडा खाऊन राहिलो होतो अन् 'आज मस्त जमला' म्हणून दादही देत होतो. त्या दिवशी दाताखाली भोपळ्याची बी आली. बशी खाली ठेवून बोटांनी चाळली. बदामाचे काप! मोहरी, कढीपत्ता, हळद, शेंगदाणे घालून हिनं अख्ख्या डब्याचा चिवडा करून टाकला होता, अन् तो मीच फस्त केला होता.

माझं डोकं फिरलं. ओरडलो, खोटं नाही सांगत, शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली इतका ओरडलो. तिनं बशी उचलून ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही काहून ओरडता? एवढं महागाचं मी एकटीच बसून खाऊ? घशाखाली उतरत नाही माह्या. घास फिरते तोंडात."

एवढं वाचलं, पण घास घशात अडकतो कुठं, हे कोणत्या डब्यामागं लिहिलेलं होतं?

दुसऱ्या सकाळी मी फुगलेलाच होतो. ती आंघोळ, देवपूजा करत होती. मी कपाटातून भरडलेली ज्वारी काढली अन् आई करायची तशा कण्या कुकरला लावल्या. वरून दूध, थोडा गूळ, भाजलेले तीळ. वाटीभर घेऊन बसलो, अर्ध्या खाल्ल्या, तेवढ्यात पेन्शनच्या कामाचा फोन आला. बोलणं संपेपर्यंत उरलेल्या कण्या गार झाल्या. म्हटलं, "मले नाही जात आता. टाकून देतो."

"टाकता काहून? आणा इकडे!"

हातातून वाटी हिसकलीच तिनं. ओट्याजवळ उभी राहून चाटूनपुसून खाल्ली, बोटसुद्धा फिरवलं. मी बघतच राहिलो. घास कुठंही फिरला नाही.

अरे, बावळटा, म्हटलं स्वतःला, औषध सापडलं तुले!

त्या दिवसापासून रोज माझं पोट बिघडू लागलं. कधी ढेकर, कधी 'तोंडाले चव नाही', कधी नुसताच हात पोटावर. मोठा वाडगा भरून घ्यायचो, चार चमचे खायचो अन् तोंड वाकडं करायचो. ती बडबडायची, "माणूस म्हातारा झाला, पण अन्नाची कदर नाही," अन् सगळं संपवायची. कधी खजूर घालायचो, कधी शेंगदाण्याचं कूट. खाण्यावर लगेच चहा घेतला की लोह अंगी लागत नाही म्हणतात, म्हणून चहा तासभर उशिरा करायला लावला, तोही माझ्या पोटाच्या नावावर. मला दहा वाजता भूक लागायची, मग भाजी आणायच्या निमित्तानं बाहेर जाऊन काहीतरी खाऊन यायचो. असे मजेचे दिवस नोकरीत कधी आले नव्हते. पंधरवड्यात तिच्या ओठांवर रंग दिसायला लागला. एक दिवस जिना चढली अन् भिंत न धरता सरळ गच्चीवर कपडे वाळत घालायला निघून गेली. मी खाली उभा राहून डोळे पुसले.

दोन महिन्यांनी रिपोर्ट दाखवला. डॉक्टरीणबाई खूश. "चढ़ाने की ज़रूरत नहीं. नाश्ते में क्या लिया?"

बायको म्हणाली, "इनका बचा हुआ." मग माझ्याकडे न पाहता पुढं बोलली, "तीस साल से दो थाली खाने वाला आदमी है, मैडम. अब चार चम्मच में पेट भर जाता है इनका. मैं क्या समझती नहीं?"

बाई हसता हसता लिहायचं विसरल्या. मी छताकडे पाहत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन घरी आलो, तर बायको टेबलाशी खुर्चीवर बसली होती. पूजासुद्धा अजून व्हायची होती. समोर तो मोठा वाडगा, अन् ती सावकाश, चमच्यानं खात होती.

"अन् माह्या?" मी विचारलं.

"पाहा पातेल्यात," ती म्हणाली. "उरल्या असतील तर."

दोन चमचे उरल्या होत्या. ओट्याजवळ उभ्याउभ्याच खाल्ल्या.