माझ्या पेटीतला कागद

वत्सला गेली तेव्हा मी अमडापूरच्या बाजारात बसलो होतो. भाच्याचा फोन आला, "मामा, आई गेली." त्याला आता दीड महिना झाला. माझी लहान बहीण ती, अंगणवाडीत मदतनीस. मी चौथी शिकलेला, पण गावात शब्दाला मान. भांडण मिटवायचं तर लोक माझ्या ओट्यावर येत. मार खाल्लेल्या बाया मात्र तिच्याकडे जात. ती त्यांना चिखलीला संरक्षण अधिकाऱ्याकडे नेई, अर्ज लिहवून घेई, तारखेला कोर्टात शेजारी बसून राही. लोकांची घरं मोडते, असं मी म्हणायचो. ती हसायची. "तुह्या ओट्यावर बायाले बसाले जागा तरी आहे का, दादा?"

रेखा आमच्या गल्लीतली सून. नवऱ्यानं मारू नये, घराबाहेर काढू नये, असा आदेश वत्सलानं कितीक तारखा करून तिला मिळवून दिला. त्याच आठवड्यात मी नवऱ्याला ओट्यावर बोलावलं. चार जणांसमोर नारळावर हात ठेवून त्यानं मला शब्द दिला. मग मीच रेखाला म्हणालो, आता हा कागद घरात नको, माणसाला टोचतो, आण इकडे. तिनं आणून दिला. मी पेटीत टाकून कुलूप लावलं. त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पोळ्यानंतर मी मुलीकडे सुलतानपूरला गेलो, किल्ली कमरेला. इकडे तो पुन्हा अंगावर धावला. रेखा ठाण्यात पळाली. कोर्टाकडून तिथं आलेली आदेशाची नक्कल कोणाला सापडेना, तुमचा कागद दाखवा म्हणाले. तिच्याजवळ कुठला? परत घरी गेली… तिचा डावा हात अजून सरळ होत नाही.

मी आलो तशी वत्सला आली. ओट्यावर चढली नाही.

"शब्द तुले देल्ला होता, दादा. मार तिनं खाल्ला."

मले काय माहीत, म्हणालो मी. चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. सहा वर्षं म्हटलं नाही. ती दिवाळीला यायची, फराळ ठेवायची, माझा बीपी विचारायची. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही, अन् मी काढू दिला नसता.

तिच्या खोलीत खुंटीला एक कापडी पिशवी आहे. रेखाचं तसं झाल्यापासून ती प्रत्येकीच्या आदेशाच्या झेरॉक्स काढून ठेवी. एक बाईच्या माहेरी, एक ह्या पिशवीत. भाच्यानं ती तशीच ठेवली आहे. मी सकाळी तिथं जाऊन बसतो. परवा एक बाई आपला कागद मागायला आली. मी पिशवी दाखवली, हात लावला नाही. ती शोधत होती, तोवर मी अंगणात उभा राहिलो.