हातभर फीत

मुरबाडच्या बाजारात कल्हई करणारा तो माणूस माझ्यासारखाच सिनेमावेडा. मी शाळामास्तर, कल्याणहून सिनेमाच्या गाण्यांची पुस्तकं आणून जपायचो. तो फितीचे तुकडे जपायचा. म्हशाच्या जत्रेत तंबूतला सिनेमा तुटला, की जोडताना कापून टाकलेली फीत तो उचलून आणी. कल्हईच्या नवसागराच्या रिकाम्या डबीत, पेट घेईल म्हणून भट्टीपासून लांब ठेवी. भांडं तापेपर्यंत मला सांगे, "मास्तर, दिवालीला संताचा शिनेमा बघा, घरच्यांना घेऊन. मारामारीचा शिमग्याला. येरवी गोडी नाय."

एका जत्रेला जुनाच सिनेमा परत आला. पडद्यावर घरात उभी असलेली आई, मधली फीत कापलेली असल्याने, उंबरा न ओलांडताच अंगणात दिसली. लोक हसले. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला घेऊन तंबूत गेला. डबीतला सगळ्यात लाडका, हातभर तुकडा त्याने यंत्रवाल्यापुढे धरला. "तुमच्याच रिळातला हाय. जोडा."

त्या रात्रीच्या खेळाला आईने उंबरा ओलांडला. एकच पाऊल. कुणाच्या लक्षातही आलं नाही. तो मात्र डोळे पुसत होता.

माझ्या पुस्तकांना मी अजून कुणाला हात लावू देत नाही.