परवाना भाऊजींच्या नावावर

१० ऑक्टोबर २००६, मंगळवार. सकाळी साडेआठच्या आत रेंजरच्या ऑफिसात पोहोचून फॉर्म भरायचा होता. नऊला सोडत. नऊनंतर आलेल्यांना आत बसू देतात पण फॉर्म घेत नाहीत, हे मी फोन करून आधीच विचारून ठेवलं होतं.

युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर वाळवंटात एक जागा आहे. तिथले तांबडे-पिवळे खडक लाटेसारखे वळलेले आहेत. दिवसाला फक्त वीस माणसं सोडतात. दहा जणांना काही महिने आधी इंटरनेटवरून परवाना मिळतो, उरलेल्या दहांची सोडत आदल्या दिवशी त्या ऑफिसात होते. मी तीन वर्षं इंटरनेटवरून अर्ज करत होते आणि तीन वर्षं नकार येत होता.

मला तिथे का जायचं होतं, तर आम्ही राहतो त्या बेलव्ह्यूच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोर त्या खडकांचा फोटो आहे. माझ्याआधी तिथे बसणाऱ्याने कॅलेंडरमधून फाडून लावलेला. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. नवीन आवृत्ती तयार होईपर्यंत वाट बघावी लागते, तेव्हा नजर त्याच फोटोवर जायची. सहा वर्षं बघितल्यावर तो फोटो खरा की रंगवलेला, हे मला स्वतः जाऊन तपासायचं होतं.

त्या वर्षी माझे मोठे दीर आणि जाऊबाई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांना ग्रँड कॅनियन दाखवायचं ठरलं, आणि त्या सहलीत मी हे दोन दिवस बसवले. गुरुवारी लास व्हेगसहून परतीचं विमान होतं. म्हणजे मंगळवारची सोडत ही एकच संधी. परवाना मिळालाच तर मी आणि नवरा चालणार, भाऊजी आणि वहिनी मोटेलवर आराम करणार, असं माझ्या मनात होतं. मनातच होतं, बोलले नव्हते. ही पहिली चूक.

ऑफिस म्हणजे हायवेच्या कडेची लाकडी खोली. पन्नासेक माणसं भिंतींना टेकून उभी होती. मी फॉर्म घेतला. वरच्या ओळीत गटप्रमुखाचं नाव लिहायचं होतं.

"दादाचं नाव घाल," नवरा म्हणाला. "तो मोठा आहे. त्याच्यासमोर आपलं नाव वर कशाला?"

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरी लग्नपत्रिकेपासून विजेच्या अर्जापर्यंत सगळीकडे थोरल्याचं नाव वर असतं. मी भाऊजींचं नाव लिहिलं, खाली वहिनींचं, मग आम्हा दोघांचं. मागच्या बाजूला नियम बारीक अक्षरात छापले होते. एरवी मी अशी अक्षरं वाचण्याचाच पगार घेते. त्या दिवशी वाचली नाहीत, कारण मागे रांग होती.

रेंजर बाईंनी जाळीचा पिंप फिरवला आणि त्यातून फॉर्मचे क्रमांक लिहिलेल्या लाकडी गोट्या काढल्या. पहिली गोटी दोघांच्या गटाची. दुसरी आमची.

"बघ," भाऊजी म्हणाले, "माझ्या नावावर लागलं."

"तुमच्या नावावर आजवर फक्त मेमो लागले," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी रेल्वेत चौतीस वर्षं टीसी होते. मेमोचा विषय निघाला की ते ऐकू आलं नाही असं दाखवतात.

सोडत संपल्यावर परवाना मिळालेल्यांना थांबवून रेंजर बाईंनी सूचना दिल्या. माणशी तीन लिटर पाणी. वाट आखलेली नाही, कागदावरचे फोटो बघत खुणा शोधायच्या. जाऊन-येऊन दहा किलोमीटर, निम्म्याहून अधिक वाळूतून. आणि परवाना गटप्रमुखाच्या नावाचा असतो. तो दुसऱ्याला देता येत नाही आणि गटप्रमुख पूर्ण वेळ गटाबरोबर हवा. तो नसेल तर परवाना नाही.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

मी काउंटरवर जाऊन विचारलं की वरचं नाव बदलता येईल का. बाई म्हणाल्या, सोडतीनंतर नाही. परत करायचा असेल तर साडेचारपर्यंत करा, थांबलेले लोक आहेत.

भाऊजींना मात्र यात अडचण दिसतच नव्हती. "मी चालणार की," ते म्हणाले. "प्लॅटफॉर्मवर मी रोज किती चालायचो, तुला कल्पना नाही."

"निवृत्त होऊन आठ वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या.

दुपारी मोटेलच्या मागे दोरीवर टॉवेल वाळत घालताना वहिनींनी मला खरं सांगितलं. भाऊजींच्या उजव्या गुडघ्यात पाणी होतं. येण्याआधी नागपूरला दोनदा काढलं होतं. आम्हाला सांगायचं नाही अशी वहिनींना ताकीद होती.

"मग आता का सांगताय?"

"तुला ती फोटोतली जागा बघायला जायचंय ना, म्हणून. तू त्यांना ओढत नेशील. ते 'नाही' म्हणणार नाहीत. त्यांना धाकट्या भावासमोर 'नाही' म्हणता येत नाही."

मी ओढून नेलं नसतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मी टॉवेलाला चिमटे लावले आणि आत गेले.

आत नवऱ्याने उपाय काढून ठेवला होता. "आडनाव एकच आहे. दादा म्हणून मीच जातो. ओळखपत्र थोडंच बघणार आहेत?"

भाऊजी पलंगावर पाय लांब करून बसले होते. ते ताडकन उठले, गुडघ्यासकट. "चौतीस वर्षं मी दुसऱ्याच्या नावाच्या तिकिटावर बसणाऱ्यांना उतरवलं. एकदा तर आपल्या सख्ख्या मामांना. बडनेऱ्याला उतरवलं. मामी पुढची दहा वर्षं माझ्याशी बोलली नाही. आणि आता तू माझ्याच नावावर बसणार?"

"अरे दादा, हे रेल्वे नाही."

"तिकीट ते तिकीट."

वहिनी म्हणाल्या, "मामी अजूनही बोलत नाही."

तीन वाजले होते. परत करायला दीड तास होता. मी खुर्ची ओढून भाऊजींच्या समोर बसले आणि गुडघ्याचं मला कळलंय, असं सांगितलं. ते वहिनींकडे बघत राहिले. वहिनी पिशवीतलं काहीतरी शोधत राहिल्या.

"सपाटीवर काही होत नाही," ते शेवटी म्हणाले. "चढावर धरतो."

"वाळूवर?"

"वाळूवर चाललोय कुठे मी?"

हे प्रामाणिक उत्तर होतं. मी म्हटलं, परवाना परत करू या. ते म्हणाले, नको. तीन वर्षं अर्ज करणारी तू, आणि माझ्यामुळे परत करायचा? मग मी अटी घातल्या. पहाटे लवकर निघायचं. काठी घ्यायची. वहिनी गाडीपाशीसुद्धा येणार नाहीत, कारण त्या काळजी करत बसतील आणि ती काळजी आम्हाला वाटून द्यावी लागेल. आणि घड्याळात दहा वाजले की जिथे असू तिथून मागे वळायचं.

"दहा म्हणजे दहा," भाऊजी म्हणाले. वेळापत्रक म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच आम्ही तिघं चालायला लागलो. मी पाठीवर सात लिटर पाणी घेतलं, भाऊजींनी पिशवीत स्वतःच्या बाटल्या, नवऱ्याने उरलेलं पाणी आणि खाणं. पहिला भाग कोरड्या नाल्यातून होता, तो भाऊजींनी चांगला काढला. मग वाळूचा चढ आला. एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे येत होतं. तिथे आम्हाला तासापेक्षा जास्त लागला. इतर गट आम्हाला ओलांडून गेले. भाऊजी प्रत्येकाला "गुड मॉर्निंग" म्हणत, म्हणजे थांबायला निमित्त मिळे. वर आल्यावर उघडा खडक लागला. तो चालायला बरा, पण तिरका होता, आणि तिरक्या खडकावर उजवा पाय सारखा खालच्या बाजूला राहत होता.

दहाला दहा मिनिटं कमी असताना आम्ही दोन जुळ्या टेकाडांच्या पलीकडे होतो. कागदावरच्या फोटोप्रमाणे समोर कड्यात एक उभी काळी भेग दिसत होती, आणि त्या भेगेच्या बरोबर खाली ती जागा. मधे एक नाला आणि एक वाळूचा चढ. माझ्या चालीने चाळीस मिनिटं.

भाऊजी सावलीला बसले. "तू जा. मी आणि हा इथे बसतो."

"गटप्रमुख बरोबर हवा," मी म्हटलं.

"इथून तू मला दिसशील. आणि टीसीचा कधीतरी डोळा लागतो. कुणाचा लागत नाही?" त्यांनी खरंच टोपी डोळ्यांवर ओढली.

नवरा म्हणाला, "जा ना यार, एवढा काय विचार करतेस?"

मी त्यांच्या बाटल्या हलवून बघितल्या. भाऊजींनी आपल्यातलं दोन लिटर संपवलं होतं. त्यांचा गुडघा पँटच्या कापडातूनही सुजलेला कळत होता. जाऊन-येऊन मला दीड तास लागला असता, म्हणजे त्यांची परतीची वाट भर उन्हात सुरू झाली असती, आणि उतार दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा वाईट. हिशोब दोनदा करून बघितला. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं.

मी भेगेकडे एकदा नीट बघून घेतलं. तिच्या खालचा खडक इथून साधा तांबूस दिसत होता, बाकीच्यासारखाच.

"भाऊजी, उठा. दहा वाजले."

त्यांनी टोपी वर केली. "चाळीस मिनिटांवर आलीस तू."

"उठताना डावा पाय आधी टाका," मी म्हटलं. त्यांची पिशवी माझ्या पाठीवर घेतली, माझ्यातलं एक लिटर त्यांच्या बाटलीत ओतलं आणि मागे वळून चालायला लागले.