सिस्कियू घाट आणि हळदीचं बोट

ओरेगॉनला जायचं आम्ही ठरवलं ते बर्फ बघायला. आई पहिल्यांदाच अमेरिकेत आली होती, आणि कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटमध्ये बर्फ फक्त फ्रीजमध्ये पडतो. ऑफिसात हे बोलून बसलो आणि ट्रिपचं रूपांतर कामात झालं.

"ॲशलंडकडे चाललायस?" माझा बॉस डेव्ह म्हणाला. "मग माझं एक चित्र पोचवशील?"

डेव्हच्या आजोबांनी जपानहून आणलेलं ते लाकडी ठशांचं चित्र होतं. बर्फातला घाट आणि वाकून चाललेले तीन वाटसरू. ॲशलंडजवळ केको नावाची बाई जुनी चित्रं स्कॅन करते, कॉम्प्युटरवर रंग वेगळे काढते, प्रत्येक रंगाचा ठसा लेझरनं लाकडात कोरते आणि मग हातानं छापते. डेव्हला त्याच्या नव्या प्रती हव्या होत्या. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा त्याच्याच टेबलावर सहीसाठी पडले होते. अशा वेळी माणूस 'नाही' हा शब्द विसरतो.

तेव्हा आमच्याकडे मोबाइल नव्हते. एक नकाशा, डब्यात थालीपीठं आणि चिवडा, मागच्या सीटवर आई आणि तिच्या शेजारी, बेल्ट लावून, चित्राचं फोल्डर. निघताना आईनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ ओवाळला. समोरच्या घरातली बाई पडद्याआडून बघत होती. तिनं पोलिसांना बोलावलं नाही हे तिचे उपकार.

आय-फाइव्हवरून उत्तरेला रेडिंगपर्यंतचा रस्ता सरळ आणि कंटाळवाणा आहे. झोप येणाऱ्यांनी ड्रायव्हर बदलावा. रेडिंगला एका स्वस्त मोटेलात राहिलो. हीटर ट्रॅक्टरसारखा वाजायचा, पण चालायचा. पुढे शास्ता डोंगर दिसला आणि पाठोपाठ आभाळ खाली आलं. हवेत ओल जाणवायला लागली, म्हणून वायरीकाला कॉफी प्यायला थांबलो तेव्हा चित्राला दमटपणा लागला नाही ना, ते बघायला फोल्डर उघडलं.

सगळ्यात पुढच्या वाटसरूच्या छातीपाशी पिवळा ठिपका होता. बोटाएवढा.

"आई, हे काय?"

"हळद," आई शांतपणे म्हणाली. "तू टेबलावर उघडं टाकून अंघोळीला गेला होतास. म्हटलं, तीही माणसं प्रवासालाच निघालीत, एवढ्या थंडीत. एकाला लावलं की सगळ्यांना पोचतं. कुंकू मुद्दाम नाही लावलं हो. डाग पडला असता."

माझा हात रुमालाकडे गेला. माझी बायको शुभदा ओरडली, "पुसू नकोस! पसरेल. हळद उन्हानं जाते, साडीवरची नाही का जात?"

"आणि उन्हानं त्यातला जुना निळा गेला म्हणजे?"

"मग डेव्हला सांग, बर्फ वितळला."

अशा बायकोबरोबर लांबचे प्रवास करू नयेत, एवढा व्यावहारिक सल्ला वाचकांनी लिहून घ्यावा.

पुढे सिस्कियू घाट. हिवाळ्यात जाणार असाल तर चाकांच्या साखळ्या बरोबर ठेवा आणि घरच्या अंगणात एकदा लावून बघा. मी बघितलं नव्हतं. रस्त्याकडेला एका माणसानं पैसे घेऊन लावून दिल्या आणि म्हणाला, "हळू जा, ब्रेक दाबू नका." म्हणजे काय दाबायचं ते तो बोलला नाही. वायपरपलीकडे फक्त पांढरं. शेजारून ट्रक गेला की आमची गाडी दरीच्या बाजूला थरथरायची. खाली पडलो तर मरू याची भीती होती, आणि वाचलो तर डेव्हला भेटावं लागेल याची. शुभदाचा विनोदसुद्धा बंद झाला होता. मागून आई पुटपुटत रामरक्षा म्हणत होती, आणि मला आरशात तिचा हात दिसला. फोल्डरवर ठेवलेला, झोपलेल्या पोरावर ठेवतात तसा.

घाट उतरलो. ओरेगॉनमध्ये तेव्हा पेट्रोल स्वतः भरायचं नसे, माणूस येऊन भरायचा. "इथं निदान कुणी विचारतं तरी," आई म्हणाली.

केकोचं वर्कशॉप म्हणजे जुनं गॅरेज. एका कोपऱ्यात लेझरचं मशीन, जळक्या लाकडाचा वास. दुसऱ्या कोपऱ्यात ती स्वतः, गुडघे मुडपून, बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीनं ठशावर ठेवलेला कागद घासत होती. साठीची असावी. तिनं आमचं चित्र स्कॅन केलं. कॉम्प्युटरनं रंग एकेक सुटे करून दाखवले : काळा, करडा, निळा. आणि शेवटी, रिकाम्या पडद्यावर एकटं, आईचं बोट. रेषांसकट.

"हा पिवळा मूळचा नाही," केको म्हणाली. "कुणी लावला?"

मी आणि शुभदा छताकडे बघायला लागलो. आईला इंग्रजी कळत नव्हतं, पण पडद्यावरचं स्वतःचं बोट कळलं. तिनं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मालकाला विचारल्याशिवाय मी लाकूड कोरणार नाही," केको म्हणाली आणि फोन पुढे सरकवला.

मी डेव्हच्या घरी फोन लावला. सगळं सांगितलं, हळद कशाला लावतात तेही. पलीकडे त्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला. मग डेव्ह म्हणाला, "दोन्ही करायला सांग. पिवळ्यासकट आणि पिवळ्याशिवाय." फोन बंद. एवढ्यावरून माणूस रागावलाय की नाही, सांगा बघू.

परतीला बर्फ नव्हता, रस्ता कोरडा ठणठणीत होता आणि मी जातानापेक्षा जास्त घाबरलो होतो. पुढचे कित्येक आठवडे डेव्ह मला हवामानाखेरीज काही बोलला नाही. माझे कागद तिथंच, त्याच्या कॉफीच्या मगाखाली. आम्ही घरात सूटकेसकडे बघायचं टाळायचो.

केकोकडून पार्सल आलं त्या दिवशी त्यानं मला आत बोलावलं. टेबलावर दोन्ही प्रती. एकीत नुसता बर्फ. दुसरीत पुढच्या वाटसरूपाशी छोटा पिवळा उजेड. हातात कंदील असावा तसा.

"लहानपणी मला वाटायचं हे तिघं हरवलेत," डेव्ह म्हणाला. "या चित्राची मला फार भीती वाटायची." त्यानं पिवळी प्रत भिंतीला लावून बघितली, खिळ्याची जागा ठरवली, आणि मग माझ्या कागदांवर सही केली. त्यानं मला माफ केलं असं मात्र समजू नका. त्या वर्षी पगारवाढ झाली नाही.

आई तोवर भारतात परतली होती. फोन केला, कागद झाले म्हणून सांगितलं. ते तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ती माणसं? पोचली का?"

"नाही. अजून घाटातच आहेत."

"मग ते हळदीचं बोट पुसू नका म्हणावं," आई म्हणाली.