लाखाला एकवीसने भागलं तेव्हा

लाख ही संख्या मला मेली कधी आवडली नाही. दिसायला भरगच्च, पण पोटात काय? नुसते दोन आणि पाच. पाच वेळा दोन, पाच वेळा पाच, सगळ्यांचा गुणाकार केला की झाला लाख. त्यात तीन नाही, सात नाही. दहाव्या वर्षी मला हे पाठ होतं आणि त्यावरूनच पुढे माझ्या ताईला घराबाहेर काढलं.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही रेवदंड्याचे, ताई जवळच चौलात दिलेली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलेना, म्हणून तिच्या सासूने गणपतीला दुर्वांची लाखोली बोलली. बोलली सासू, वाहायची मात्र सुनेने. लाखोली पुरी झाल्यावर वर्षभरात मूल झालं तर बरं, नाहीतर मुलाचं दुसरं लग्न, असं तिने ओटीवर बसून चारचौघांत सांगितलं. भावजी सुपारी कातरत होते.

ताई रोज आंघोळ करून ओलेत्याने वाडीत जायची आणि पाटाच्या कडेला बसून दुर्वा खुडायची. एकवीस दुर्वांची एक जुडी, रीतच तशी. चार हजार सातशे एकसष्ट जुड्या झाल्या की लाख भरला, असं भटजींनी सांगून ठेवलं होतं. माघी चतुर्थीला त्या भरल्या. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या.

उद्यापनाच्या पंगतीत आमच्या वडिलांना हौस आली. शाळामास्तर ना! "आमच्या धाकटीला लाखाचे अवयव विचारा," म्हणाले. मी उभी राहून घडाघडा सांगितलं. वर हेही सांगितलं, की एकवीसात तीन आहे, सात आहे, तेव्हा लाखाला एकवीसने पुरता भाग जाणारच नाही. बाकी एकोणीस उरते.

"शाब्बास! सरस्वती आहे हो पोर," म्हणत भटजींनी आणखी एक मोदक घेतला. ताईसुद्धा हसली. तिची सासू तूप वाढत होती, ती तेवढी हसली नाही.

वर्ष सरलं. मूल झालं नाही. सासू स्वतः रेवदंड्याला आली, ताईला दारात उभं केलं आणि वडिलांना म्हणाली, "हिने देवाच्या एकोणीस दुर्वा बुडवल्या. मी नाही म्हणत, तुमच्याच लेकीचा हिशोब आहे." वडील मास्तर होते, त्यांनी भागाकार करून पाहिला; बाकी एकोणीसच उरली. भटजींना कुणी विचारलं नाही. त्यांनीच पुढे भावजींचं दुसरं लग्न लावलं.

दुसरीलाही मूल झालं नाही. तेव्हा मात्र त्या घरात कुणी गणित मांडलं नाही. भावजी सुपारी कातरत राहिले. मेल्यांनो, तिथे का नाही भागाकार केलात?

ताई माहेरीच राहिली. या विषयावर ती माझ्याशी एकदाच बोलली. आम्ही परसात कोकमाची सोलं वाळत घालत होतो.

"वीसवीसच्या जुड्या बांधल्या असत्या तर गं?"

"पाच हजार झाल्या असत्या. बाकी काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, ताई."

तिने सोलं उलटी केली. "मग मूल का झालं नाही म्हणून काय सांगितलं असतं त्यांनी?" तिने विचारलं. तिला त्याचं उत्तर खरंच माझ्याकडून हवं होतं.