शिबिरासाठी कापलेले केस

शिकेकाई उकळल्याचा वास आला की लोहाऱ्यातल्या एका दुकानदाराचं अंगण आठवतं. निजामाचं राज्य होतं. मी घराण्यातला पहिला बी.ए., शाळेत मास्तर, म्हणून मुलांना कुठल्या उन्हाळी शिबिराला पाठवावं, हे लोक मलाच विचारायचे. त्या दुकानदारांना मी सोलापूरचं सुचवलं, कारण तिथं मुलींची वेगळी सोय होती. अंगणातल्या चुलीवर त्यांच्या थोरल्या पोरीच्या केसांसाठी शिकेकाई उकळत होती. ऐकता ऐकता ती आनंदानं उठून उभीच राहिली. मी सहज बोलून गेलो, ‘‘फक्त वेणी आपली आपण घालावी लागते.’’ तिची आजी हसली, ‘‘मग झालं! हिच्या केसाला दोन बाया लागतात. बस घरी!’’ पोरीचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी गेलो, तर ती मानेपर्यंत केस कापून दारात उभी! मी हबकलोच. त्या काळी बाईच्या केसाला कात्री लागायची ती नवरा मेल्यावर. आजी कपाळ बडवत होती, ‘‘लगीन व्हायचंय पोरीचं, काय केलंस गं सूनबाई!’’ आईच्या हातात कात्री तशीच होती. ती मला म्हणाली, ‘‘मास्तर, केस परत येतील. ही संधी येणार न्हाय. न्या तिला.’’ मी तिची पेटी उचलली आणि तिला सोलापूरच्या गाडीत बसवलं. आता नात केस कापून येते, घरातले कौतुक करतात. माझ्या छातीत मात्र क्षणभर धस्स होतं.